यशवंतपूर वर, मिरज खाली

लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. भांडण नव्हतं की अबोला नव्हता. त्यांच्या घराण्याची रीतच तशी होती. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, आणि तिचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी ही मंडळी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळूरला आली, इथलीच झाली, भाकरीवरून भातावर आली, मराठीत कानडी मिसळून बोलू लागली. पण ही एक रीत येताना गाठोड्यात बांधून आणली होती, ती काही कुणी सोडली नाही.

मी मिरजेची. आमच्याकडे सासरे सुनेवर ओरडतात, सून आत भांडी आपटते आणि संध्याकाळी सगळे एका ताटातून भडंग खातात. मला हा बंगळुरी सभ्यपणा झेपतच नव्हता. माझं नाव सुखदा. तीन अक्षरं. ती उच्चारायला कुणाचं काय जातं, असं मला रोज वाटायचं, आणि ते मी तोंडावर बोलूनही दाखवायची.

सासऱ्यांना घरात आणि गल्लीत सगळे गुरुराजअण्णा म्हणत. रेल्वेत चौतीस वर्षं नोकरी करून ते स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. शेवटची सात वर्षं यशवंतपूरला काढली आणि घरही तिथंच, इंजिनाची शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू येईल इतकं जवळ बांधलं. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं: "मिरज म्हणजे जंक्शन की हो. आमची मीटर गेज तिथं येऊन संपते." एवढ्यावर माझं लग्न ठरलं, असं मी श्रीरंगला नेहमी चिडवायची.

श्रीरंग माझा नवरा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे अण्णा आणि मी यांच्यामधला निरोप्या तोच. "श्रीरंगा, आमटीत मीठ स्वल्प कमी आहे म्हणावं," असं अण्णा म्हणायचे तेव्हा मी वाढायला तीन फुटांवर उभी असायची. श्रीरंग माझ्याकडे वळून म्हणायचा, "मीठ कमी आहे म्हणतात." मी म्हणायची, "ऐकलं मी! बहिरी नाही!" मग अण्णा खाली मान घालून भात कालवायचे.

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये श्रीरंगला कंपनीनं सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं आणि घरातला निरोप्या गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बैठकीच्या खोलीत आले, इकडे तिकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "घड्याळबुवा, कॉफीची वेळ झाली वाटतं." ते घड्याळ त्यांना निवृत्तीच्या दिवशी स्टेशनातल्या लोकांनी दिलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काय करणार! मीही घड्याळाकडे बघून म्हणाले, "घड्याळबुवा, दूध फाटलंय, आज काळी कॉफी." असा आमचा संसार सुरू झाला. दोघं माणसं, मध्ये एक घड्याळ.

श्रीरंग मागे एक कॉम्प्युटर ठेवून गेला होता. अमिगा नावाचा. इंग्लंडहून परत आलेल्या एका मित्राकडून त्यानं तो हौसेनं घेतला होता. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर, उजव्या अंगाला फ्लॉपीची फट. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो आमच्या टीव्हीलाच जोडायचा, म्हणून तो चालू असला की टीव्हीवरची मालिका बुडायची. मला त्याचा रागच होता. जाताना श्रीरंगनं माझ्यासाठी एक फुलस्केप कागद लिहून ठेवला होता, पडद्यावरच्या खिडक्या कशा उघडायच्या त्याचा. मी तो न वाचता टीव्हीखाली सरकवला.

तो अण्णांनी वाचला. रेल्वेचा माणूस, छापील असो की हातानं लिहिलेला, नियमांचा कागद त्यांना दिसला की वाचल्याशिवाय राहवत नसे.

कागदात होतं ते असं. एक ओळ टाइप करायची. आधी न्यूशेल, मग कॉन, मग तिरप्या रेघांनी वेगळे केलेले चार आकडे: खिडकी डावीकडून किती लांब, वरून किती खाली, रुंद किती, उंच किती. शेवटी खिडकीचं नाव. एंटर दाबलं की फ्लॉपी कुर्र-कुर्र करायची आणि निळ्या पडद्यावर बरोबर तेवढ्या मापाची खिडकी उभी राहायची. माथ्यावर पांढऱ्या पट्टीत तिचं नाव, आत कोपऱ्यात एक आकडा आणि बाण, आज्ञेची वाट बघत.

अण्णांना हे इतकं आवडलं की दुपारची झोप गेली. आठवड्याभरात त्यांनी पडद्यावर यशवंतपूर ते तुमकूर लाइन उभी करायला घेतली. सगळ्यात वर यशवंतपूर, त्याखाली चिक्कबाणावर, मग सोलदेवनहळ्ळी, दोड्डबेले, प्रत्येक स्टेशनाची एक चिंचोळी खिडकी. कोपऱ्यातला आकडा नारिंगी होता, तो त्यांनी रंगांच्या सेटिंगमध्ये जाऊन हिरवा केला. सिग्नल पडल्यावर दिसतो तसा हिरवा. निडवंद्याची खिडकी उघडायला गेले तर कॉम्प्युटरनं मेमरी संपल्याचं सांगितलं. अण्णांनी ते अगदी समजुतीनं घेतलं. "यार्डात जागा नाही, घड्याळबुवा," म्हणाले आणि चिक्कबाणावर बंद केलं.

गंमत अशी की हा कॉम्प्युटर एका वेळी चार-चार खिडक्यांत कामं करू शकतो, ही श्रीरंगची मोठी फुशारकी होती. अण्णा मात्र एका खिडकीतलं काम संपून हिरवा आकडा परत दिसेपर्यंत दुसऱ्या खिडकीत एक अक्षर टाइप करायचे नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. मी घड्याळाला ऐकवलं, की कुणी तरी सांगा, थांबायची गरज नाही म्हणून. घड्याळाला उलट उत्तर आलं, "एका ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये, एकच गाडी. फ्लॉपी एकच आहे की." मी मुद्दाम एकदा दोन खिडक्यांतून एकदम काम लावून पाहिलं. फ्लॉपी अशी कर्कश कोकलली की मी घाबरून दोन्ही खिडक्या मिटल्या. अण्णांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही, पण पेपर हलत होता. हसत होते.

ऑगस्टमध्ये मला ताप आला. शाळेत मी गणित शिकवायची, तिथं साथ होती. तीन दिवस अंथरुणात पडून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा माझ्या खोलीच्या दाराशी आले, उंबऱ्याशी घुटमळले आणि तिथूनच मागे वळून बैठकीतल्या घड्याळाला विचारू लागले, "औषध घेतलं का, जरा विचारता का?" पेज करून दाराशी ठेवली होती, वर ताटली झाकली होती, सगळं खरं. पण मी तापानं फणफणलेली, आई चारशे मैलांवर, आणि हा माणूस भिंतीवरच्या घड्याळाला माझी खुशाली विचारतोय! मला इतकं एकटं वाटलं की भिंतीकडे तोंड करून मी रडले.

ताप उतरल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे स्टुलावर चढून घड्याळाचा सेल काढला. दहा वाजून वीस मिनिटांनी ते बंद पडलं.

अण्णांनी संध्याकाळी पाहिलं. त्यांना बरोबर कळलं. दोन दिवस घरात कुणीच कुणाशी बोललं नाही. मला माझ्याच रागाची लाज वाटायला लागली, पण सेल परत घालायला काही मी गेले नाही. मिरजेचं पाणी.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अण्णा बाहेर गेले होते आणि टीव्ही चालू होता. निळा पडदा. तुमकूरकडची सगळी लाइन उखडलेली. वर एकच रुंद खिडकी आणि तिच्या माथ्यावरच्या पट्टीत, जिथं स्टेशनाचं नाव असायचं तिथं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं:

वायपीआर: जेवण झाकून ठेवले आहे. ताप गेला का? ५२

वायपीआर म्हणजे यशवंतपूर, एवढं मला कळलं. ५२ कशाचे ते कळेना. पण पदर कंबरेला खोचून मी बसलेच. टीव्हीखालचा कागद काढला, आयुष्यात पहिल्यांदा वाचला आणि अर्धा तास खपून पडद्याच्या खालच्या भागात माझी खिडकी उघडली. मिरजेचं रेल्वेतलं नाव एमआरजे, ते मला लहानपणापासून पाठ.

एमआरजे: ताप गेला. पेज छान होती.

अण्णा आले, चप्पल काढता काढता त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद दिसला की मी पटकन स्वयंपाकघरात गेले. रीत मोडली नव्हती. ते माझ्याशी बोललेच नव्हते. यशवंतपूर मिरजेशी बोललं होतं, आणि त्याला कुणाची हरकत असणार?

दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या कडेला एक कागद चिकटवलेला दिसला. सुवाच्य अक्षरात 'कार्यपद्धती'. त्यात ५२चा उलगडा होता. दोन स्टेशनमास्तर फोनवर बोलतात तेव्हा गाडी सोडायची परवानगी मागणारा आणि देणारा, दोघंही शेवटी एक नंबर सांगतात. प्रत्येकाकडे उलटसुलट नंबरांची आपली यादी असते, एक वापरला की त्यावर काट मारायची. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. "नंबर दिला म्हणजे शब्द दिला. नंबराशिवाय बोलणे झालेच नाही असे समजावे. नंबर न मिळता कोणतीही गाडी हलवू नये." त्याखाली आणखी एक कलम होतं: "गाडी पोचल्यावर पोचलेल्या स्टेशनाने आपला नंबर देऊन मागच्या स्टेशनास कळवावे. तोपर्यंत लाइन मोकळी समजू नये." कागदाला टाचलेली माझी यादी होती, हातानं आखलेल्या रकान्यांत शंभर नंबर.

मी म्हटलं, माणूस वेडा आहे. आणि यादीतला पहिला नंबर वापरून कळवलं, की कार्यपद्धती मिळाली.

मग आमचं जे सुरू झालं त्याला मी संसारच म्हणेन. पट्टीत साठेक अक्षरं मावायची, त्यामुळे सगळी भाषा तारेची. खिडकीच्या आत काही लिहायची सोय नव्हती. आत चार शब्द लिहिले की कॉम्प्युटर अशी आज्ञा माहीत नसल्याचं सांगायचा, आणि घरात तिसऱ्यानं नाक खुपसलेलं आम्हा दोघांनाही नको होतं. म्हणून प्रत्येक निरोपाला नवी खिडकी, वाचून झाली की मिटायची. रोज कॉम्प्युटर सुरू केला की यशवंतपूर वर आणि मिरज खाली आपोआप उघडावं, असं अण्णांनी सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहूनच टाकलं.

वायपीआर: दूध नासले. नवीन आणतो. १७. एमआरजे: आणताना कोथिंबीर. ६४. एकदा त्यांनी मला दातांच्या डॉक्टरची वेळ कळवायला घेतली, साडेचार, ती चार आणि तीसच्या मध्ये तिरपी रेघ देऊन लिहिली. तिरप्या रेघेला कॉम्प्युटर वेगळंच समजतो, खिडकी उघडेना. शेवटी ती वेळ मला खडूनं फरशीवर लिहिलेली सापडली, तीही नंबरासकट. मी एकटीच मोठ्यानं हसले.

हळूहळू कोथिंबिरीपलीकडचंही यायला लागलं. ते तरुण असताना एका लहान स्टेशनावर पलीकडच्या मास्तरानं लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, दिलं पण नंबर दिला नाही, म्हणून अण्णांनी गाडी चाळीस मिनिटं रोखून धरली. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पण गाडी सोडली नाही. ही गोष्ट मला सात खिडक्यांत, सात दिवसांत मिळाली, क्रमशः. सासूबाईंना भडंग फार आवडायचं, हे कळलं. त्यांच्यासाठी अण्णा मिरजेहून गार्डाबरोबर पुडा मागवायचे. मी आईला पत्र टाकून भडंग मागवलं. पुडा आला तेव्हा अण्णांनी तो हातात घेऊन वास घेतला आणि कीबोर्डपाशी जाऊन बसले. बराच वेळ बसले आणि काहीच न लिहिता उठले.

माझी सगळी तक्रार मात्र संपली नव्हती. नाव नव्हतंच. पट्टीतही मी मिरजच होते.

नोव्हेंबरच्या शेवटी श्रीरंगचं जाड पाकीट आलं. काम वर्षभर वाढलं होतं, कंपनी बायकोचा खर्च द्यायला तयार होती, सोबत व्हिसाचे कागद. "तू ये. अण्णांचं काय करायचं ते तूच ठरव," असं लिहिलं होतं. नवरे ठरवायची कामं किती उदारपणे देतात!

मला जायचं होतं. खोटं कशाला सांगू? लग्नाला अडीच वर्षं होत आली होती, त्यातले सहा महिने नवरा रविवारच्या तीन मिनिटांच्या फोनवर. मला बर्फ बघायचा होता, श्रीरंगशी मनसोक्त भांडायचं होतं. शाळेनं वर्षाची बिनपगारी रजा दिली. अण्णांची धाकटी बहीण, अलकाआत्या, बनशंकरीला राहायच्या. त्या म्हणाल्या, "मी येते की इकडे राहायला. माझं काय, तिथं एकटी, इथं भावाजवळ. फक्त अण्णाला विचार."

"कसं विचारू? बोलतात का ते माझ्याशी?"

"अय्यो, त्या टीव्हीवर विचार की."

मी विचारलं. एमआरजे: अमेरिका. एक वर्ष. लाइन क्लिअर? ३८

अण्णांनी वाचलं ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फिरायला निघून गेले. ती खिडकी तीन दिवस पडद्यावर तशीच होती. कुणी कॉम्प्युटर बंद केला नाही. मी तिच्यासमोरून येजा करायची आणि आपण एखाद्या सिग्नलला अडकलोय असं वाटायचं.

चौथ्या दिवशी वरती उत्तर होतं. वायपीआर: लाइन क्लिअर. खुशाल जावे.

मी उडीच मारली. माळ्यावरून सूटकेस काढली, झटकली. श्रीरंगला पत्र लिहायला बसले, 'अण्णांनी हो म्हटलं' असं लिहिलंसुद्धा. मग सवयीनं नंबरांची वही ओढली, अण्णांचा नंबर टिपून घ्यायला, आणि पडद्याकडे पाहिलं.

नंबर नव्हता.

नासलेल्या दुधाला नंबर होता. डॉक्टरांच्या वेळेला, फरशीवर खडूनं लिहितानाही, नंबर होता. चाळीस मिनिटं गाडी रोखणारा माणूस नंबर विसरेल? मी सूटकेस तशीच उघडी ठेवून खाली खिडकी उघडली. एमआरजे: नंबर? ८५

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आधी राग आला, की काय हा छळ, हो म्हणायचं तर नीट म्हणा. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणीक मळत असताना अण्णा कीबोर्डपाशी येऊन बसले. मी हात न धुताच दारात आले. त्यांनी एकेका बोटानं आकडे लिहिले, मग नाव लिहायच्या जागी वायपीआर लिहिलं आणि थांबले.

तेवढ्यात वीज गेली. त्या दिवसांत यशवंतपुरात अधूनमधून संध्याकाळी वीज जायची, कधी सहाला, कधी सातला. पडद्यावरचा उजेड एका ठिपक्यात गोळा झाला आणि विझला. खिडक्या गेल्या, नंबर गेले, माझा प्रश्नही गेला.

खिडकीतून संधिप्रकाश येत होता. अण्णांनी सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते साडेतीन महिने दहा-वीसवर उभं होतं. त्यांनी मान खाली घातली. आता खोलीत तिसरं कुणीच नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "नंबराशिवाय गाडी हलत नाही. तुम्हीच शिकवलंय."

मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"देववत नाही," ते म्हणाले.

त्यांचा आवाज मी दोन वर्षं ऐकत होते, पण माझ्या दिशेनं येताना तो वेगळाच लागला.

"म्हणजे जाऊ नको?"

"जा की. नवऱ्याकडं जाऊ नको असं कोण म्हणेल? लाइन क्लिअर लिहिलं ते बरोबरच लिहिलं. पण नंबर म्हणजे शब्द. मला चालेल असा शब्द. तो खोटा कसा देऊ? चौतीस वर्षांत दिला नाही. श्रीरंगाची आई गेल्यावर या घरात मी कुणाशी... आता स्वल्प बोलणं सुरू झालं होतं."

मला रडू फुटलं. तोंड झाकायलाही हात मोकळे नव्हते, कणकेनं माखलेले. मी तशीच मटकन खाली बसले, त्यांच्या खुर्चीसमोर फरशीवर, आणि म्हणाले, "मलापण सोडून जावंसं वाटत नाही हो. आणि जायचंपण आहे. दोन्ही एकदम."

"मलाही दोन्ही एकदम आहे," अण्णा म्हणाले. "एका ब्लॉकमध्ये दोन गाड्या. नियमात याला जागाच नाही."

मी रडता रडता हसले. तेही हसले. मग मी नाक ओढून म्हटलं, "अण्णा, मिरजेची गाडी मिरजेला जाऊन काय करते?"

"काय करते? इंजिन फिरवतात, पाणी भरतात."

"आणि?"

"आणि परत येते."

"मग? वर्षानं मी परत येणार. शाळेनं रजाच तेवढी दिलीय. अमेरिकेला टर्मिनस केलेलं नाही मी."

अण्णा विचार करत राहिले. मी सांगितलं ते वेळापत्रकात बसतं का, हे ते तपासत असावेत. "सरी, बरं तर," ते शेवटी म्हणाले. "परतीची गाडी असेल तर वेगळं."

वीज दोन तासांनी आली. तोवर आम्ही पायरीवर बसून बोलत होतो. दोन वर्षांचं तुंबलेलं होतं. आमटीत मीठ खरंच कमी असायचं, की नुसतं बोलायला निमित्त, ते मी विचारलं. "निम्म्या वेळा निमित्त," ते म्हणाले. सेल काढला तेव्हा राग आला का, ते विचारलं. "राग कसला? मास्तर ड्युटीवर झोपला तर स्टेशन बंदच करायला हवं." सगळं बोलले, पण मला उद्देशून 'अहो' नाही की 'अगं' नाही, नुसती वाक्यं. नाव तर नाहीच. मी मनात म्हटलं, सुखदे, आज एवढ्यावर भागव.

दिवे आले तसे ते उठले. कॉम्प्युटर सुरू केला. फ्लॉपी कुरकुरली, यशवंतपूर वर उघडलं, मिरज खाली, दोन्ही कोरी. अण्णा शांतपणे खुर्चीवर बसले, खिशातून आपली यादी काढली, एका नंबरावर बोट ठेवलं आणि टाइप केलं. मी मागेच उभी होते तरी त्यांनी मला वाचून दाखवलं नाही. रेल्वेची शिस्त.

वायपीआर: लाइन क्लिअर. ७१. पोचल्यावर कळवावे.

मी ७१ वहीत टिपला आणि कणकेकडे वळले. ती वाळून गेली होती, परत भिजवली.

जानेवारीत निघाले. निघायच्या सकाळी स्टुलावर चढून घड्याळात नवा सेल घातला आणि वेळ लावली. अण्णा बघत होते. "राहू दे, बोलायला कुणी तरी हवं," मी म्हटलं. "अलका आहे की," ते म्हणाले. "अलकाआत्या तुम्हाला बोलू देतील तेव्हा ना!" अलकाआत्या आतून ओरडल्या, आणि त्या गडबडीत निरोप झाला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला.

तीस तासांनी अमेरिकेत श्रीरंगच्या घरी पोचले. बाहेर खरोखरच बर्फ होता. कोटसुद्धा न काढता मी आधी फोन मागितला. श्रीरंग म्हणाला, "अगं, चहा तरी घे. मिनिटाला किती पडतात माहीत आहे का?"

"लाइन अडून राहिलीय," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

एक रिंग पूर्ण व्हायच्या आत फोन उचलला गेला. म्हणजे ते फोनशेजारीच बसलेले होते. किती वेळ, ते अलकाआत्यांनी मला नंतर सांगितलं, आदल्या दिवसापासून.

"अण्णा, मिरज बोलतेय. गाडी पोचली. नंबर चौदा."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग पेन्सिलीचा.

"चौदा," ते म्हणाले. "लिहून घेतला. लाइन मोकळी."

मग समुद्रापलीकडून नुसती खरखर. श्रीरंग मला हातातलं घड्याळ दाखवत होता. अण्णांनी आता फोन ठेवायचा, नियमाप्रमाणे बोलणं संपलं होतं. मी रिसीव्हर कानाला आणखी घट्ट धरला.

"सुखदा," ते म्हणाले. "जेवलीस का?"